मुंडावळ्या आणि व्यापारी मेळावा

प्रश्न : आमच्या मालकांचा टॉवेलचा कारखाना आहे. परवा सत्काराच्या भाषणात ते म्हणाले, ‘आमच्यासारख्यांकडून सरकारनं जास्त कर घ्यावा.’ टाळ्या पडल्या. यंदाच त्यांनी शेअर विकून पुण्यात फ्लॅट घेतला, कर वाचवला. मुलीच्या लग्नातलं जेवणाचं बिल मला ‘व्यापारी मेळावा’ म्हणून खर्ची टाकायला लावलं. विचारलं तर म्हणतात, ‘अमेरिकेतला अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरेन बफेही तेच करतो.’ हे ढोंगच ना?
– एक हिशेबनीस, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : फ्लॅटचं सोडून द्या. शेअर विकून आलेले पैसे घरात घातले तर सवलत आहे, अटी पाळल्या की झालं, त्यात ढोंग नाही. आमच्या सोसायटीत टँकरची वर्गणी सगळ्यांना सारखी. माझा फ्लॅट सगळ्यात मोठा, आणि चौरस फुटावर घ्या असं दर सभेत मीच म्हणतो. ठराव होत नाही तोवर मीही सारखीच भरतो. शेजारी हसतात, हसू देत.

बफेंचं प्रकरण जरा खोल आहे. 2011 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून स्वतःचेच आकडे मांडले : आपण करपात्र उत्पन्नाच्या 17.4 टक्के कर भरला, ऑफिसातल्या इतरांनी 33 ते 41 टक्के. आमच्यावर कर वाढवा, अशी उघड मागणी. पण 2021 मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी संस्थेनं त्यांच्या करांची कागदपत्रं बाहेर काढली. 2014 ते 2018 या काळात त्यांची संपत्ती 2430 कोटी डॉलरनं वाढली होती आणि कर भरला होता 2 कोटी 37 लाख डॉलर. यात चोरी कुठंच नाही. न विकलेल्या शेअरची वाढ तिथं उत्पन्न धरत नाहीत, आणि त्यांची कंपनी लाभांश वाटत नाही. म्हणजे म्हाताऱ्यानं मागणी केली ती खिशातल्या पैशांवर. कपाटातल्या शेअरना हात लागतच नव्हता. मला खटकतं ते एवढंच.

आपल्याकडेही न विकलेल्या शेअरवर कर नाही, आणि संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. पगाराचा वरचा टप्पा मात्र 30 टक्के. तुमच्या मालकांना खरंच तळमळ असेल तर त्यांनी यावर बोलावं.

आता जेवणाचं बिल. ही सरळ चोरी आहे, तिथं बफेंचं नाव घेऊ नये. मी तीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरली. एकदा असंच ‘वार्षिक सभा’ लिहिलेलं बिल आलं. वरचं ‘सीमांतपूजन’ निळ्या शाईनं खोडलेलं, आणि खाली जिलेबीनंतरची ओळ खोडायची राहून गेलेली : मुंडावळ्या, 2 जोड. मी ते परत केलं. (माझ्या स्कूटरचं घरचं पेट्रोल ऑफिसखर्चात जायचं, तेही सांगून टाकतो. नंतर बंद केलं.)

तुम्ही ते बिल मालकांच्या ड्रॉइंग खात्याला (म्हणजे त्यांच्या घरखर्चाच्या उचलीला) नावे टाका. त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेही उलटवा. विवरणपत्र गेलं असलं तर मुदतीत सुधारित भरता येतं. आणि मालक ऐकत नसतील तर ती नोंद करायची सूचना त्यांच्याकडून लेखी मागून घ्या, तोंडी नको.