वाचकांचे प्रश्न : पायातली काळी माती भिंतीला चालेल का?

प्रश्न : करवीर तालुक्यात घर बांधतोय. पाया खणताना काळ्या मातीचा मोठा ढीग निघाला. तिचेच यंत्रावर दाबलेले ठोकळे करून भिंती उभारता येतील का? गवंडी नको म्हणतो.

उत्तर : गवंड्याचं ऐका. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आवळते; तिचे ठोकळे वाळतानाच तडकतात. जुन्या लोकांनीही घराला गावठाणातली पांढरी वापरली, रानातली काळी नाही. ढीग परड्यात पसरा. जोत्याच्या भरावात मात्र घालू नका, फरशी उचलेल.

ठोकळ्यांना तांबडी मुरमाड माती हवी, तीही परवाना असलेल्या खाणीतूनच. आधी बाटली-परीक्षा करा : काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून दिवसभर ठेवा. वाळू तळाशी बसते, चिकणमाती सगळ्यात वर. हा वरचा थर एकूण मातीच्या पाचव्या हिश्श्याइतका असावा. तिसऱ्या हिश्श्यावर गेला तर क्रश सँड (खडी दळून केलेली वाळू) मिसळून पुन्हा तपासा.

माती १० मिमीच्या चाळणीतून काढा. एक टन कोरड्या मिश्रणात सिमेंटचं एक पोतं म्हणजे ५ टक्के. पाऊस झेलणाऱ्या भिंतींना ७ टक्के घाला. पाणी बेतानं. मुठीत वळलेला गोळा छातीच्या उंचीवरून टाकला की चार-पाच तुकडे व्हायला हवेत. चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. अर्ध्या तासात दाबून संपेल एवढंच मिश्रण भिजवा.

खरी चूक होते ती पुढे. ठोकळे उन्हात वाळवतात! ते सावलीत, प्लॅस्टिकखाली ठेवून २८ दिवस ओले राहायला हवेत, नाहीतर सिमेंट वाया जातं. पावसाळ्याआधी भिंत हवी असेल तर जानेवारीतच यंत्र लावा. मग एक ठोकळा २४ तास पाण्यात बुडवा. कडा बोटानं सुटल्या, तर तो घाणा, म्हणजे एका वेळी भिजवलेल्या मिश्रणाचे सगळे ठोकळे, भिंतीत नको.

आपल्याकडच्या पावसात भिंत भिजते ती बहुतेक खालून, पागोळ्यांच्या उडणाऱ्या पाण्यानं. म्हणून जोतं काळ्या दगडाचं, किमान दोन फूट. वळचण अडीच फूट बाहेर.

प्रश्न : पोकळ वीटकाम, म्हणजे रॅट-ट्रॅप बाँड, कोणत्याही विटेत जमतं का?

उत्तर : नाही. यात विटा कडेवर उभ्या लावतात. ९ इंची भिंतीत ३ इंच जाडीच्या दोन विटांमध्ये ३ इंच पोकळी राहते. ४ इंच जाडीच्या विटेत जेमतेम १ इंच, म्हणजे खटाटोप फुकट. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुजवलेल्या या पद्धतीत साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. पोकळीवर लाकडी पट्टी ठेवूनच माल पसरवा. आत पडलेल्या मालावरून ओल थेट आतल्या बाजूला येते. पहिला व शेवटचा थर आणि दारं-खिडक्यांच्या कडा भरीव ठेवा. वायरिंगचे पाइप बांधतानाच पोकळीत सोडा. नंतर छिन्नी लावली की वीट फुटलीच.