सासूबाईंचा विसराळूपणा आणि बी-१२

तुम्ही लिहिलंय: सासूबाई ७२ वर्षांच्या, माळकरी, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू. सहा महिन्यांत विसरणं वाढलंय, तळपायांना मुंग्या येतात. आणि शेजारचे सांगतात, माळ काढा, अंडी सुरू करा.

माळ काढायची काही गरज नाही. शाकाहाराने मेंदू मंदावत नाही. पण शाकाहारात बी-१२ हे जीवनसत्त्व मिळतं ते दूधदुभत्यातूनच, आणि उतारवयात तेच कमी पडतं. खानापूरकडच्या घरात म्हाताऱ्या माणसाचं ताट बघा: भाकरी, आमटी, कारळ्याची चटणी, पातळ ताक. दूध पोटात जातं ते चहातून. दोन कपांतलं दूध मोजलं तर जेमतेम १०० मिली, त्यात बी-१२ अर्धा मायक्रोग्रॅमही नाही. गरज दोनच्या वर. शिवाय वयाने जठरातलं आम्ल घटतं, ॲसिडिटीची गोळी ते आणखी दाबते, मग अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटतच नाही. पुढे आतड्यात मेटफॉर्मिन शोषण अडवतं. म्हणून पहिला संशय यावरच घ्या.

आधी बी-१२ तपासायला रक्त द्या, गोळी नंतर. बरेच जण उलटं करतात आणि रिपोर्ट फसवा चांगला येतो. मिलीलीटरमागे २०० पिकोग्रॅमखाली कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये आला तर होमोसिस्टीनची तपासणी करून घ्या, बी-१२ कमी पडलं की रक्तात हा घटक वाढतो. सोबत थायरॉईडही. नुसतं हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींचा आकार बघून 'सगळं बरं आहे' म्हणू नका. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, पण लोहही कमी असेल तर त्यांचा आकार सरासरीत नॉर्मल दिसू शकतो. नुसतं फॉलिक ॲसिड तर देऊच नका. रक्त सुधारतं, नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

मुंग्या आहेत म्हणून डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतील. नंतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते, कारण आम्लाशिवायही त्यातला साधारण एक टक्का शोषला जातो. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये मात्रा फार कमी असते, पाकिटावरचा आकडा वाचा. इडलीचं पीठ, मोड आलेले मूग, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांच्या भरवशावर राहू नका. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

मुंग्या कमी व्हायला काही महिने लागतात. विसरणं किती मागे येईल ते कमतरता किती जुनी यावर आहे. बी-१२ मुळात पुरेसं असेल तर या गोळीने स्मरण वाढणार नाही, मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, माणसं ओळखेनाशा झाल्या, तर बी-१२ चा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी बेळगावला दवाखान्यात न्या.