फांदीवरचा तो तपकिरी, सडपातळ साप कोणता?

झाडाच्या फांदीवर दिसलेला सुमारे मीटरभर लांबीचा, सडपातळ, तपकिरी पाठीचा आणि मान फुगवल्यावर निळसर झाक दाखवणारा साप हा तपकिरी हरणटोळ आहे का आणि तो विषारी आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो रुका सर्प असून तो बिनविषारी आहे.

हरणटोळात तपकिरी रंगाचे सापही आढळतात, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. परंतु हरणटोळाचे तोंड पुढे निमुळते, टोकदार असते आणि डोळ्यातील बाहुली आडवी असते. रुक्याचे डोळे मोठे व बाहुल्या गोल असतात. निळा रंग ही त्याची बोलकी खूण आहे: एरवी तो एकमेकांवर चढलेल्या खवल्यांखाली झाकलेला असतो आणि साप बिथरून मान फुगवतो तेव्हा खवले एकमेकांपासून दूर होऊन उघडा पडतो.

तरीही केवळ रंगावर ओळख ठरवू नये, असा माझा आग्रह आहे, कारण झाडावर सहज चढणारी धामणही तपकिरी असते. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात, रुक्याचे ओठ मात्र फिकट व स्वच्छ असतात. त्याहून भरवशाचा पुरावा पाठीच्या कण्यावरील खवल्यांचा आहे. रुक्यात ही मधली ओळ शेजारच्या ओळींपेक्षा स्पष्टपणे रुंद असते. झाडाखाली कात सापडल्यास हे निवांतपणे पाहता येते आणि शरीराच्या मध्यभागी खवल्यांच्या ओळीही मोजता येतात: रुक्यात १५, धामणीत १६ किंवा १७.

झाडावरच्या सापांपैकी ज्याच्याविषयी सावध राहायला हवे तो चापडा हा विषारी साप. त्याचे डोके त्रिकोणी, अंग जाडसर, बाहुली उभी आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. आपल्या वर्णनात यांपैकी काहीही नाही.

साप पुन्हा दिसल्यास त्याला न पकडता, दूर उभे राहून, झूम वापरून डोक्याचे वरून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे. माथ्यावरील दोन मोठ्या खवल्यांच्या मध्ये फिकट ठिपका असल्यास तेही टिपावे. आपण सह्याद्रीच्या परिसरात असाल तर हा तपशील विशेष महत्त्वाचा आहे, कारण रुक्याच्याच कुळातील आणखी एका जातीचे वर्णन तेथून २०११ मध्ये झालेले आहे.