पेन ड्राइव्ह दिला कुणी? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पत्रकार पोलिसांची हप्तेखोरी बाहेर काढतो अशी एखादी दणदणीत थ्रिलर आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मातीतली मराठीत यायला पाहिजे. त्यावर एवढी पत्रं आलीत की सगळी घेणं शक्यच नाही, काही निवडून उत्तरं देतोय, नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न (खानापूर, कॉलेज विद्यार्थी): सर, मी कादंबरी लिहायला घेतलीय. हिरो बेळगावच्या पेपरात क्राइम रिपोर्टर आहे. रात्री एक अनोळखी माणूस त्याला पेन ड्राइव्ह देऊन जातो, त्यात कुठल्या स्टेशनला किती हप्ता जातो त्याची सगळी यादी. दुसऱ्या दिवशी बातमी, तिसऱ्या दिवशी साहेब सस्पेंड. मित्र म्हणतात भारी झालंय, खरं मला कायतरी कमी वाटतंय.

उत्तर: तुला वाटतंय ते बरोबर आहे. तू जिथं संपवतोयस तिथून गोष्ट सुरू व्हायला पाहिजे. पेन ड्राइव्ह दिला कुणी, का दिला, आजच का दिला? ती यादी खरी कशावरून? चांगल्या पोस्टिंगवर डोळा असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं खुर्चीवरच्या माणसाला उडवायला बनवलेली नसेल कशावरून? हिरोला हे प्रश्न पडले नाहीत तर तो पत्रकार नाही, नुसता पोस्टमन झाला. त्यानं त्या यादीतलं एक नाव घ्यावं, एक तारीख घ्यावं, त्या धाब्यावर जाऊन बसावं, दोन चहा घ्यावेत आणि त्या तारखेला तिथं खरंच कोण आलं होतं ते वेगळ्या माणसाकडून काढावं, आणि यादीतल्या पहिल्याच ठिकाणी तारीख चुकीची निघाली तर? तिथं वाचकाच्या पोटात गोळा येतो बघ, पिस्तूल काढायची गरजच पडत नाही.

खरं घडलेलं सांगतो. 1969 च्या नोव्हेंबरात लंडनच्या 'द टाइम्स'नं तिथल्या डिटेक्टिव्हांची लाचखोरी छापली. गॅरी लॉइड आणि ज्युलियन माउंटर हे दोन बातमीदार. एक भुरटा गुन्हेगार त्यांच्याकडं आला की पोलीस माझ्याकडून पैसे उकळतायत. ह्यांनी ते ऐकून लगेच छापलं नाही, त्याच्या भेटीगाठी टेप केल्या आणि मग छापलं. त्यावर काय झालं? पत्रकारांनाच तासन्‌तास प्रश्न विचारले गेले, टेप खऱ्या की जोडलेल्या ह्यावर कोर्टात लंबा वाद झाला, आणि दोन डिटेक्टिव्हांना शिक्षा लागायला 1972 उजाडलं. म्हणजे तुझ्या तिसऱ्या दिवसाला तिथं तिसरं वर्ष लागलं. त्या मधल्या काळात त्या बातमीदारांच्या घरी काय चाललं असेल ते लिही की, पुस्तक तिथंच आहे.

आणि तू खानापूरचा आहेस म्हटल्यावर तेलगी विसरून कसं चालेल? बनावट स्टॅम्प पेपरवाला अब्दुल करीम तेलगी तुझ्याच गावचा, लहानपणी स्टेशनवर फळं विकायचा. 2001 मध्ये अजमेरला पकडला, आणि पुढं तपासात त्याच्याशी साटंलोटं केल्याच्या आरोपावरून महाराष्ट्रात पोलीस अधिकारीच अटक झाले, पार मुंबईच्या वरच्या खुर्च्यांपर्यंत. पण हेही लक्षात ठेव की त्यातले काहीजण नंतर कोर्टातून सुटले. त्यामुळं तुझ्या हिरोनं 'आरोप', 'अटक' आणि 'शिक्षा' हे तीन शब्द कधीच एकमेकांच्या जागी वापरू नयेत. एकदा चुकून वापरायला लाव, आणि त्या एका शब्दापायी निर्दोष माणसाच्या पोरीला शाळेत काय ऐकावं लागलं ते दाखव, त्यानंतर तो रिपोर्टर वेगळाच माणूस होईल.

प्रश्न (निपाणी, ट्रान्सपोर्टचा धंदा): हायवेवरची गोष्ट लिहिली तर कोगनोळीच्या अलीकडं कर्नाटक पोलीस, पलीकडं कागलचे. लेखक लोक सगळं मुंबईसारखं लिहितात ते वाचून राग येतो. काय काय सांभाळायला पाहिजे?

उत्तर: राग येणारच, मलाही येतो. कर्नाटकात एपीआय नसतो, इथं पीएसआय आणि वरती इन्स्पेक्टर. बेळगाव शहराला पोलीस कमिशनर आहे, बाकी जिल्ह्याला एसपी, त्यामुळं टिळकवाडीतल्या खुनाचा तपास एसपीसाहेब करतायत असं लिहिलं की आपल्याकडचा वाचक पुस्तक मिटतो.

लाचेचा सापळा दाखवायचा असेल तर आधी गोष्टीचं साल ठरवा. कर्नाटकात पूर्वी हे काम लोकायुक्त पोलिसांकडं होतं, 2016 ला सरकारनं एसीबी (लाचलुचपत प्रतिबंधक ब्युरो) सुरू केली, ऑगस्ट 2022 मध्ये हायकोर्टानं ती रद्द करून काम परत लोकायुक्तांकडं दिलं. म्हणजे 2019 ची गोष्ट असेल तर धाड एसीबीची, 2023 ची असेल तर लोकायुक्तांची. एवढं जरी बरोबर आलं तरी लेखकानं घाम गाळलाय हे कळतं.

हद्दीचं म्हणाल तर 'आमच्या हद्दीत घडलं नाही, कागलला जा' हा डायलॉग आपण सगळ्यांनी ऐकलाय. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाला, त्याच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार घ्यायलाच पाहिजे, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवायलाच लागते हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये ललिता कुमारी केसमध्ये सांगून ठेवलंय. तरी ड्रायव्हरला रात्री दोन वाजता ह्या स्टेशनवरून त्या स्टेशनला पाठवलं जातं. तो ड्रायव्हर, मागं उभा असलेला माल, मालकाचे सारखे येणारे फोन, आणि 'कशाला लफड्यात पडतोस, काहीतरी देऊन सुटका करून घे' म्हणणारा क्लीनर, ह्यात तुमची अख्खी पहिली दोन प्रकरणं होतील. तुमच्या धंद्यातल्या माणसानंच हे लिहावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (वडगाव, गृहिणी): स्टेशनातले सीन मराठीत लिहायचे की कन्नडमध्ये? आमच्याकडं तर दोन्ही चालतं.

उत्तर: ताई, तुमच्या ह्या साध्या प्रश्नात मला सगळ्यात जबरदस्त प्लॉट दिसला. बघा, आपला माणूस स्टेशनात जातो, मराठीत घडाघडा सांगतो, समोरचा हेड कॉन्स्टेबल बहुतेकदा मराठी समजतो, कधीकधी बोलतोही छान. तो मान हलवत हलवत कन्नडमध्ये लिहून घेतो. पान फिरवून पुढं करतो, इथं सही करा. आपला माणूस सही करतो. त्यानं चोरीला गेलेला ट्रॅक्टर सांगितला, कागदावर ट्रॉली आली. त्यानं दोन नावं सांगितली, कागदावर 'अनोळखी इसम'. वाचताच येत नाही तर कळणार कसं? सहा महिन्यांनी कोर्टात वकील विचारतो, तुम्हीच सही केलीय ना?

बहुतेक ठिकाणी ह्यात कपट नसतं, गडबड असते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण जिथं पैसे खाल्लेले असतात तिथं ह्यापेक्षा सोपा मार्ग नाही. आणि कायदा काय म्हणतो? तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची, मगच सही, आणि एफआयआरची कॉपी त्याला फुकट द्यायची. शिवाय 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाकायची असते. तुमच्या गोष्टीतली बातमीदार पोरगी मराठी घरातली पण कन्नड शाळेत शिकलेली ठेवा. ती तो कागद वाचते आणि म्हणते, काका, तुम्ही सांगितलं ते ह्यात नाहीच आहे! तिथून सुरुवात करा. संवाद मराठीत लिहा, मधून एखादं कन्नड वाक्य येऊ द्या, आपल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न (शहापूर, शिक्षिका): माझा सख्खा भाऊ पोलीस कॉन्स्टेबल आहे. सणावाराला घरी नसतो, बंदोबस्तात उभा असतो. अशा गोष्टींत सगळे पोलीस चोर दाखवतात तेव्हा फार वाईट वाटतं.

उत्तर: तुमचं वाईट वाटणं मला शंभर टक्के पटतं, आणि जे लेखक सरसकट तसं दाखवतात त्यांना विषयच कळलेला नाही असं माझं मत आहे. पोलिसांचा भ्रष्टाचार बाहेर येतो तो बहुतेक वेळा पोलिसामुळंच. न्यूयॉर्कचा फ्रँक सर्पिको बघा. साधा पोलीसवाला, हप्ता घ्यायला नाही म्हणाला, डेव्हिड डर्क नावाच्या सहकाऱ्याबरोबर वरिष्ठांकडं खेटे घातले, कुणी हललं नाही, शेवटी दोघं न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड बर्नहॅमकडं गेले. एप्रिल 1970 मध्ये बातमी आली आणि चौकशीला नॅप कमिशन बसलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका धाडीत सर्पिकोच्या तोंडावर गोळी लागली, तरी वाचला आणि कमिशनसमोर येऊन बोलला.

त्याच कमिशननं भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितले, गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर आलं ते मुकाट्यानं खिशात टाकणारे पहिले, ते संख्येनं जास्त. आपणहून शिकार करणारे दुसरे. आणि त्यांचं म्हणणं असं की ही कीड टिकते ती गवत खाणाऱ्यांमुळं, कारण त्यांच्यामुळं ती गोष्ट रोजची होऊन बसते आणि जो घेत नाही तोच वेगळा पडतो. तुमच्या भावासारखा माणूस त्या वेगळं पडलेल्या जागी उभा असतो. त्याच्यावर लिहा ना तुम्ही! क्वार्टरमध्ये राहणारा, पोरांची फी भरायची राहिलेली, ड्युटी कुठली लागणार हे ज्याच्या हातात आहे त्याच्याच विरोधात बोलायचं की नाही ह्या विचारानं झोप उडालेला. आपल्याकडं अशा माणसाला संरक्षण द्यायचा कायदा 2014 ला पास झाला, पण तो लागूच केला गेलेला नाही, ही गोष्ट मला दरवेळी आठवते आणि दरवेळी चीड येते. त्यामुळं खरा पत्रकार अशा माणसाचं नाव जीव गेला तरी फोडत नाही. गोष्टीतला थरार त्या कॉन्स्टेबलचं नाव फुटतं का ह्यावर ठेवा.

प्रश्न (चिकोडी, वकिलीचा विद्यार्थी): सापळ्यात हात गुलाबी होतात ते खरं का? आणि लपून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का?

उत्तर: खरं आहे. नोटांचे नंबर पंचांसमोर लिहून घेतात, त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात, पंच बहुतेक सरकारी नोकर असतात, पैसे घेतल्याचा इशारा झाला की घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला लावतात आणि पाणी गुलाबी होतं, मग बाटल्या सील करून लॅबला. खरं नुसत्या गुलाबी पाण्यावर शिक्षा होत नाही, पैसे मागितले होते हेही सिद्ध करावं लागतं. फिर्यादी कोर्टात उलटला तर केस संपली असं मात्र समजू नका, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध होऊ शकते असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलंय. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर मूळ फोन जपून ठेवायचा, आणि कॉपी द्यायची तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायचा कोड) लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली क्लिप घेऊन हिरोला कोर्टात पाठवू नका.

प्रश्न (तालुक्याचा बातमीदार, गाव छापू नये): सर, मी गोष्ट लिहीत नाही, मी खराच बातमीदार आहे. मटक्याचा हप्ता कुठं जातो हे गावातल्या पोरालासुद्धा माहीत आहे. बातमी करू का? भीती वाटते.

उत्तर: भीती वाटणं बरोबर आहे, आणि ती कशाची आहे हे मला माहीत आहे. मारहाणीची भीती नंतरची. तुझं मानधन किती तुटपुंजं असणार, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर, दिवाळीत-वाढदिवसाला शुभेच्छांची जाहिरात देणारे कोण असतात ते तुलाही ठाऊक आणि मलाही. रोजची अपघात-चोरीची बातमी स्टेशनातूनच मिळते. विरोधात एक ओळ छापली की तो फोन बंद, दुसऱ्या पेपरला बातमी जाते आणि तुझा संपादक विचारतो तुझी कशी सुटली. हे सगळं धरूनच ठरवायला पाहिजे.

एकट्यानं करू नकोस. आधी संपादकाला सांग, जिल्ह्याच्या ऑफिसचा एक वरिष्ठ बरोबर असू दे, आणि बातमी शक्यतो तुझ्या नावानं छापायला लावू नकोस. 'सगळ्यांना माहीत आहे' ह्याला पुरावा म्हणत नाहीत, त्यामुळं कागदापासून सुरुवात कर. वर्षभरात त्या स्टेशनात मटक्याच्या किती केस झाल्या, किती जणांवर, शिक्षा कितींना, हे माहिती अधिकारात माग, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. अर्ज मराठीत चालणार नाही, कन्नड किंवा इंग्रजीत कर, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, कर्नाटकचा नियम तसा आहे, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. 'तपासात अडथळा' म्हणून नाकारतील म्हणून चालू केसचं काही विचारू नकोस, फक्त आकडे. अर्ज तुझ्या नावानं जाण्यापेक्षा पेपरच्या दुसऱ्या तालुक्यातल्या माणसानं टाकलेला बरा. स्टेशनातलं काही कॅमेऱ्यात असेल असं वाटलं तर वेळ घालवू नकोस, सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये रेकॉर्डिंग 18 महिने, सोय नसेल तर किमान 1 वर्ष ठेवायला सांगितलंय, त्यानंतर मिळायची आशा नाही.

आणि छापायच्या आधी त्या अधिकाऱ्याला लेखी प्रश्न पाठवून त्याचं म्हणणं घे, दोन दिवस दे, उत्तर आलं तर ते जसंच्या तसं छाप. हे न्यायाचंही आहे आणि तुझ्या बचावाचंही, उद्या बदनामीची नोटीस आली तर वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. ज्यांनी तुला आतलं सांगितलं त्यांचे नंबर फोनमध्ये त्यांच्या नावानं सेव्ह असतील तर हे वाचून झाल्यावर आधी ते काढ.