बोगद्याच्या कोअर टेस्टिंगसाठी पुण्याजवळ चांगली लॅब कोणती? मशीन किती टनांचं असावं?

टनांच्या मागे लागू नका. एनएक्स मापाचा कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला दगडाचा दंडगोल, ५४ मिमी व्यासाचा. आपला काळा कातळ अगदी २०० मेगापास्कल ताकदीचा निघाला तरी तो तुकडा फोडायला साधारण ४७ टन लागतात. शंभर टनांचं मशीन पुष्कळ झालं. लॅबला जाणारे तुकडे कोण निवडणार आहे, ते आधी ठरवा.

सातारा जिल्ह्यात एका बोगद्यावर मी ज्युनिअर जिऑलॉजिस्ट होतो. एका बोअरमध्ये कातळ संपला आणि खालचा मांजऱ्या (पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला लाव्हाचा खडक) लागायच्या आधी हातभर तांबडा बोल आला. लाव्हाच्या दोन थरांमधला तो विटकरी पट्टा. ड्रिलच्या बॅरलमधून निघाला तेव्हा नखाने ओरखडा उठत होता, पण होता अखंड. मी गुंडाळायला प्लास्टिक आणि मेण मागितलं. साहेब म्हणाले, "आता लॅबला माती पाठवायची का?" बॉक्स उन्हात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्या खणात नुसता भुगा. मग बाराच्या बारा नमुने कातळाचेच गेले, व्यासाच्या अडीचपट लांबी सहज मिळेल असे देखणे. रिपोर्टही तसाच देखणा आला.

पुढे खोदाईत तोच बोल बोगद्याच्या माथ्याला लागला. वरच्या कातळाच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, बोल भिजून मऊ पडला होता. शिफ्ट बदलताना माथा खाली आला. त्या वेळी खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब. मीटिंगमध्ये साहेबांनी सगळा ठपका लॅबवर ठेवला, "यांचं मशीन कॅलिब्रेट केलेलं नाही." मी गप्प बसलो, ते आजही सलतं. मशीनमध्ये काही खोट नव्हती, साहेब. दिलेल्या दगडाची ताकद लॅबने बरोबरच सांगितली. पडला तो दगड तुम्ही त्यांना दाखवलाच नव्हता.

तेव्हा बोल, ब्रेशिया (तुटक्या दगडांचे तुकडे चिकटून झालेला खडक) असलं काही आलं की लगेच प्लास्टिक, त्यावर मेण, आणि बॉक्स सावलीत. युसीएसला, म्हणजे नुसतं वरून दाबून फोडायच्या चाचणीला, तुकडा टिकत नसेल तर स्लेक ड्युरेबिलिटी करून घ्या. दहा ढेकळं जाळीच्या ड्रममध्ये घालून पाण्यात दहा मिनिटं फिरवतात, वाळवतात, पुन्हा फिरवतात आणि उरलेलं तोलतात. बोल तिथे लगेच उघडा पडतो.

लॅब म्हणाल तर खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तुम्हाला सर्वात जवळ. मुंबईचं आयआयटी आणि नागपूरचं व्हीएनआयटी हेही आहेत. दर आणि रांग फोनवरच विचारा. ट्रायअ‍ॅक्सियल, म्हणजे बाजूंनीही दाब देऊन फोडायची चाचणी, करायची असेल तर मात्र मशीन आणि तो दाब देणारा सेल दोन्ही नीट बघा, टनांचं माझं बोलणं युसीएसपुरतंच.

आणि तुकड्यांवर खुणा करण्याआधी बॉक्समधले लाकडी ठोकळे मोजा. कोअर हाती आला नाही, तिथे ड्रिलर ते ठेवतो. त्या खोलीवर ड्रिलिंग करताना वर येणाऱ्या पाण्याचा रंग कसा होता, तेही त्यालाच विचारा.