पार्किंगमधल्या उंबराने मला काय शिकवलं

तुम्ही विचारलंय की रोज दिसणाऱ्या साध्या निसर्गातून काय शिकायला मिळालं. मी गडबिड फार फिरलेली नाहीये, पुण्यात कोथरूडला राहते, माझा निसर्ग म्हणजे किचनच्या खिडकीतून दिसणारा सोसायटीच्या पार्किंगमधला उंबर, तर त्याच्याबद्दलच सांगते.

आधी मला या झाडाचा रागच यायचा. फळं पिकली की गाड्यांवर टपाटप पडतात, फरशी चिकट, त्यावर माश्या, आणि फळ फोडलं की आत किडे. सासूबाई म्हणायच्या उंबर फोडून बघू नये. मुलगी सहावीत होती तेव्हा तिने फोडलंच आणि विचारलं, आई, बाहेरून भोक नाही मग किडे आत गेले कुठून? मला सांगता येईना म्हणून वाचायला लागले. आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतो ना, तर ते फूल खरंच असतं, फळाच्या आत, एक नाही शेकडो. टोकाशी अगदी बारीक तोंड असतं, तिथून एक इवलीशी गांधीलमाशी अंग चेपून आत शिरते, शिरताना तिचे पंखसुद्धा तुटतात, सोबत आणलेले पराग फुलांना मिळतात, ती अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखाचेच असतात, ते बाहेर पडायला वाट कोरून देतात आणि तेही आतच संपतात, माद्या मात्र पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात दुसरा उंबर शोधायला, आणि त्यांच्याकडे असतो जेमतेम एक-दोन दिवस. मी ज्याला कीड म्हणून नाक मुरडत होते त्याच्यावाचून उंबराला बीच धरत नाही! हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ खिडकीत उभी होते.

मग बघायची सवयच लागली. बुलबुल, कोकीळ, कधीतरी धनेशाची जोडी, रात्री वटवाघळं. वर्षातून अनेकदा फळतो त्यामुळे बाकी झाडांवर काही नसतं तेव्हाही इथे पंगत चालूच.

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की पार्किंगवर आलेली वाळकी फांदी काढून टाकायची, म्हणजे परवानगी वगैरे काढून रीतसर. माझंही मत तेच होतं, वाळकी आहे, काय उपयोग. पण फेब्रुवारीत तिच्यावर तांबट पक्षी ठोकायला लागला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि तो टुक टुक टुक आवाज, कसब्यातल्या तांबट आळीत भांडी ठोकतात तसा, नाव त्यावरूनच. त्याची चोच सुतार पक्ष्यासारखी दणकट नसते म्हणून त्याला मऊ पडलेलं, वाळकं लाकूडच लागतं घर कोरायला. हिरव्यागार फांद्या एवढ्या होत्या पण त्याच्या कामाची ती एकच. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, गोल गरगरीत, गिरमिटाने पाडल्यासारखं. मी तळमजल्यावरच्या काकांना खाली बोलावून दाखवलं, म्हटलं काका, पिल्लं उडेपर्यंत तरी थांबू या. ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपली गाडी दुसरीकडे लावली आणि फांदीखाली दोरी बांधून घेतली, कोणी उभं राहू नये म्हणून.

तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला, आणि खरं सांगायचं तर माणसालाही, निरुपयोगी म्हणताना माझी जीभ अडखळते. सासूबाई शेवटची २ वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांचा पलंग मी त्या खिडकीशी हलवला होता. तांबट आला की नाही हे आधी त्याच सांगायच्या, मला आवाज ऐकू यायच्या आत.

पुण्यात असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी ७ च्या सुमाराला जवळच्या एखाद्या उंबराखाली १० मिनिटं उभे राहा, आणि वाळक्या फांद्या खालच्या बाजूने बघा, वरून काही दिसत नाही.