रिटर्न पंप मोठा करू नका, आधी खडकामागचं पाणी हलवा

तुमची पोस्ट वाचली. ३०० लिटरचा चार फुटी रीफ टँक (प्रवाळ म्हणजे कोरल ठेवायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय), खडकामागे लाल बुळबुळीत थर, हॅमर कोरल अर्धवट मिटलेला, आणि विक्रेत्याच्या टेक्निकल सपोर्टने सांगितलंय की रिटर्न पंप काढून ताशी ६००० लिटरवाला बसवा. हाच सल्ला मलाही मिळाला होता, जवळजवळ याच शब्दांत, म्हणून जरा लांब लिहितोय. पाण्याच्या चाचण्यांचे आकडे तुम्ही दिलेत, त्यात खटकण्यासारखं काही नाही.

रिटर्न पंपाचं काम टँक आणि सम्प (टँकखालची दुसरी टाकी) यांच्यात पाणी खेळतं ठेवायचं, एवढंच. ताशी टँकच्या चार-पाच पट पाणी त्याला पुरतं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हीटरला त्याहून जास्त लागत नाही. शिवाय खोक्यावर छापलेला आकडा हा पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. सम्प खाली कपाटात, पाइपला दोन-तीन एल्बो आणि वर दीड मीटर चढण, यात त्यातला मोठा हिस्सा खर्ची पडतो. पंपाच्या माहितीपत्रकात उंची आणि प्रवाहाचा आलेख असतो, तो बघा. पण समजा पूर्ण ६००० मिळाले, तरी ते पाणी त्याच एका नोझलमधून त्याच दिशेने येणार आणि सरळ ओव्हरफ्लोकडे, म्हणजे सम्पमध्ये पाणी सोडणाऱ्या तोंडाकडे जाणार. खडकामागचं पाणी जिथल्या तिथे. वर ओव्हरफ्लो गुरगुरायला लागेल, सम्पमधले बारीक बुडबुडे टँकभर पसरतील आणि पंपाची उष्णता पाण्यात उतरेल ती वेगळीच.

कोरलच्या अंगालगत पाण्याचा एक अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. आत जाणारं अन्न आणि कार्बन, बाहेर पडणारा ऑक्सिजन आणि टाकाऊ पदार्थ, सगळ्यांना तो थर ओलांडावा लागतो. प्रवाह चांगला असला की थर आणखी पातळ होतो आणि ही देवाणघेवाण वेगाने होते. कोरल अंगावरचा चिकट स्राव टाकतात, तोही प्रवाहानेच वाहून जातो. पण एकाच बाजूने सतत धार आली तर पुढची बाजू सोलवटते आणि मागच्या बाजूला गाळ साठतो. म्हणून प्रवाह दिशा बदलणारा हवा. हॅमरकडे दोन मिनिटं नीट बघा. त्याची टोकं डोलत असतील, मधेच थांबून उलट बाजूला वळत असतील तर ठीक. एका बाजूला झोपून तशीच राहत असतील तर खालच्या सांगाड्याच्या धारेवर मांस घासलं जातंय.

मिश्र टँकला आतला एकूण प्रवाह ताशी २० ते ३० पट धरा, म्हणजे तुमच्याकडे ६००० ते ९००० लिटर. सगळे एसपीएस (बारीक पॉलिपचे कठीण कोरल) असतील तर ४० पट किंवा त्याहूनही जास्त लागतो, नुसते सॉफ्ट कोरल असतील तर बरंच कमी. हे ढोबळ आकडे आहेत, यावरून भांडायला येऊ नका. माझ्या मते एका मोठ्या वेव्हमेकरपेक्षा (टँकच्या आत बसवून पाणी हलवणारा पंप) ४००० चे दोन चांगले, रुंद प्रवाह देणारे प्रोपेलरवाले. एक डाव्या किंवा उजव्या बाजूच्या काचेवर वरच्या भागात, किंचित वर रोखलेला, म्हणजे पृष्ठभाग हलता राहील. दुसरा त्याच्या समोरासमोरच्या बाजूला पण मागच्या कोपऱ्यात, खडक आणि मागची काच यांच्या फटीतून पाणी ढकलेल असा. दोघांचा वेग कंट्रोलरवर आळीपाळीने कमीजास्त होऊ द्या.

फट असली तर, अर्थात. तुमच्या फोटोत खडक मागच्या काचेला टेकलेले दिसतात. तसंच असेल तर कुठलाही पंप तिथे काही करू शकणार नाही. हात आरपार जाईल एवढी जागा मागे सोडा, खालच्या दगडांतही एक-दोन बोगदे ठेवा. रचना हलवायचा कंटाळा येतो, कोरल चिकटवलेले असतात, सगळं मान्य. तरी पंप विकत घेण्याआधी हेच करा. मग चिमूटभर बारीक खाद्य टाकून त्याचे कण कुठे जातात ते बघा. जिथे कण घिरट्या घालून खाली बसतात तिथेच तुमचा लाल थर आहे, हे मी पैजेवर सांगतो.

हा लाल थर म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया). त्याला कमी प्रवाह हे एकच कारण नसतं, साठलेला गाळही असतो. रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने पाणी बदलण्याआधी खडकांवर फवारा मारा, उडालेला गाळ नळीने ओढून घ्या. पहिल्या वेळी पाणी इतकं गढूळ होईल की घाबराल. घाबरू नका, पण एका दिवशी अर्ध्याच खडकांना हात लावा.

आता माझं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते. नाव घेत नाही, पण तो होता एका पंप विक्रेत्याचा सर्व्हिस विभाग. माझा मोठा वेव्हमेकर दुपारनंतर अडखळायला लागला. सकाळी व्यवस्थित, काही तासांनी कुरकुर, मग प्रोपेलर जागच्या जागी थरथरत उभा. थंड होऊ दिला की पुन्हा ठणठणीत. उघडून बघितला तर शाफ्टचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) झिजलेला. प्रोपेलर दोन बोटांत धरला तर आडवा हलत होता. मी फक्त बुश आणि इम्पेलर (शाफ्टसह फिरणारा भाग) मागितले. उत्तर आलं, सुटे भाग देत नाही, पूर्ण पंप पाठवा. पाठवला. परत आला तो ‘तपासला, दोष नाही’ अशा चिठ्ठीसह. नळाच्या पाण्याच्या बादलीत काही मिनिटं चालवून बघितला, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. दोष तापल्यावर येतो, अर्धा दिवस तरी चालवा, अशी विनंती केली. ते आमच्या तपासणीत बसत नाही, म्हणाले. पुन्हा पाठवला, पुन्हा तीच चिठ्ठी. प्रत्येक फोनला नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी ऐकायचं काय, तर ‘वरचं मॉडेल घ्या’.

तोवर टँक रिटर्न आणि एका जुन्या छोट्या पंपावर चालला होता. रात्री दिवे बंद झाले की ऑक्सिजन तयार होणं थांबतं, पण मासे, कोरल, जिवाणू सगळे तो वापरतच राहतात. पृष्ठभाग नीट हलत नसेल तर पहाटे सगळ्यात वाईट स्थिती असते. माझा टँग मासा पहाटे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसला, तो वाचला नाही. अ‍ॅक्रोपोराची वसाहत बुडापासून पांढरी पडत वर गेली. बोटभर तुकड्यापासून वाढवलेला कोरल होता तो. एका झिजलेल्या बुशपायी हे झालं, आणि तो बुश द्यायला कुणी तयार नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

म्हणून ज्याचे इम्पेलर, शाफ्ट, बुश सुटे मिळतात तोच पंप घ्या, मग त्याचं ॲप कितीही साधं असो. विकत घेण्याआधी सुट्या भागांची चौकशी लेखी करा. आणखी एक पंप कपाटात तयार ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी पंप उघडून अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी यात तासभर बुडवा. चुन्याचा थर बसला की प्रवाह इतका हळूहळू घटतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. रात्री वेग आपोआप कमी करणारा ‘नाइट मोड’ मला पटत नाही, निदान पृष्ठभागाकडचा पंप तरी पूर्ण वेगात राहू द्या. ॲनिमोन (जागा बदलत फिरणारा मऊ समुद्री प्राणी) असेल तर तो आत ओढला जाऊ नये म्हणून पंपाला जाळी हवीच.

प्रवाहाचा विषय निघालाच आहे तर, हवाईतल्या वायकिकी अ‍ॅक्वेरियमच्या माजी संचालक ब्रूस कार्लसन यांच्या नावाचं एक सर्ज (लाट आणणारं) यंत्र आहे. वरची टाकी छोट्या पंपाने भरत राहते, वाकड्या पाइपमधला सायफन सुरू झाला की सगळं पाणी एकदम टँकमध्ये कोसळतं आणि पुन्हा भरणं सुरू. फार सुंदर लाट येते. आवाज आणि बुडबुडे मात्र घरात सोसवत नाहीत.

पंपांची जागा ठरली की एकदा वीज बंद करून सम्प किती भरतो ते बघा. रिटर्नचं नोझल पाण्याखाली असेल तर पाणी उलटं खाली ओढलं जातं. पृष्ठभागालगत पाइपला बारीक छिद्र पाडा, म्हणजे हवा शिरून ही ओढ थांबेल, आणि ते गोगलगाय किंवा शेवाळाने बुजत नाही ना, हे तपासत राहा. विजेची कामं ज्याला कळतात त्याच्याकडूनच करून घ्या, खारं पाणी आणि प्लग जवळ नकोत.

पंप बंद करून वरून एक आणि बाजूच्या काचेतून एक असे दोन फोटो टाका. मागे फट किती आहे ते दिसलं की दुसरा वेव्हमेकर नेमका कुठे बसवायचा ते सांगतो.